उरलेली तीन वर्षं

येदिकुलेच्या तटाखाली, जुन्या खंदकात,
हल्ली लेट्यूस पिकतो.
हायरीकाकांनी पाटाचं पाणी वळवलं
आणि आमच्या चौथीच्या वर्गाला
बांधावरून चालू दिलं, एका अटीवर:
"रोप तुडवलंत, तर बादशहाकडूनही पैसे घेईन."

मुलं बत्तीस. वर्षं अकराशे तेवीस.
रात्री पेपर तपासता तपासता हिशेब केला होता:
प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस,
वर तीन उरतात.
ती मी माझ्याकडे ठेवली.

"धरा हात. हे एक साम्राज्य.
एक टोक अंजिराशी, दुसरं पंपाच्या खोलीशी.
नाक खाजलं तरी सोडायचा नाही."

एफ्सुन, तू पहिली. तुझ्या पस्तीस वर्षांत
शहराचा गिलावा अजून ओला आहे.
राजधानी इथे आलीय बिऱ्हाड घेऊन
आणि सामानात नावही आलंय.
माणसं ग्रीक बोलतील, पण शेवटपर्यंत
स्वतःला रोमनच म्हणतील.
"मग बायझंटाईन?"
ते पुस्तकवाल्यांनी ठेवलं, मागाहून.
मेल्यावर बारसं.

मेलिके, तू तिसरी. हा तट तुझा.
इल्गाझ, तुझ्या हातात आला आणि हादरला.
भूकंप म्हणताच सगळे खाली बसले,
डोक्यावर हात, शाळेतल्या कवायतीसारखे.
सत्तावन्न बुरूज आडवे, शत्रू वाटेत.
तेव्हा रथांच्या शर्यतीपायी
एकमेकांची डोकी फोडणारे निळे आणि हिरवे
एका घमेल्याला दोन्हीकडून लागले.
साठ दिवसांत तट उभा.
कालच मॅचवरून शर्ट फाडून घेतलेले दोघं
एकमेकांकडे बघेनात.

बेर्फिन, तुझ्याकडे रेशीमकिड्यांची अंडी,
पोकळ काठीतून चोरून आणलेली; हळू धर.
तुना, तुझ्याकडे पाण्यावर जळणारी आग.
कृती विसरलास तरी चालेल,
त्यांनीही ती पुढे हरवली.

मग बरीच मुलं नुसतीच उभी.
हेही सांगायला हवं होतं:
साम्राज्य म्हणजे बहुतेक वेळ
पाव भाजणं, कर भरणं, दाढ दुखणं.

सव्विसावा ओरहुन. "तू रांगेबाहेर जा."
"मी काय केलं, बाई?"
काहीच नाही. जहाजांतून आले,
दोघांचा क्रूस एकच, तरी शहर लुटून
त्यातच ठाण मांडून बसले.
शेजारच्या दोघांचे हात अधांतरी राहिले,
मग त्यांनी ते आपणच जुळवले.
ओरहुन तटाशी एकटा, माती उकरत.

शुले शेवटची. तिच्याकडे उरलं होतं
तटाच्या आत पिकणारं थोडं धान्य,
गळकी घुमटं, बंदरातली एक साखळी.
तिनं मोकळा हात माझ्याकडे केला.
मी धरला. माझी तीन वर्षं.
तोफा. त्रेपन्न दिवस. मे महिन्यातली पहाट.

"बाई, तेव्हा आपण आत होतो की बाहेर?"

पुस्तकात उत्तर आहे, एका ओळीचं.
मी तोंड उघडलं आणि आठवलं,
माझी आजी सालोनिकाहून आलेली,
बेर्फिनचे वडील वानहून, हायरीकाका जिदेहून,
आणि आत्ता आम्ही सगळे खंदकात.

"बाई! इथनं कुत्रं चालून गेलंय!"
ओरहुनच्या हाताखाली वीट,
विटेत पंजा, चार बोटांचा, खोल.
अकराशे वर्षांची साखळी तटकन तुटली.
सगळे धावले. प्रत्येकानं बोट घालून पाहिलं.
नाव काय होतं त्याचं? काळं होतं का?
ओल्या विटेवर चढलं म्हणून मारलं असेल का?
"शिव्या घातल्या असतील," हायरीकाका म्हणाले.
"कुठल्या भाषेत?"
"कुत्र्याला काय, सगळ्या कळतात."

शुलेनं पुन्हा विचारलं नाही.
बसमध्ये चढेपर्यंत माझा हात मात्र सोडला नाही.

सात रोपं तुडवली गेली होती.
हायरीकाकांनी पैसे मोजून घेतले.